विमानाच्या माळाशेजारचा भैरोबा

निंबोडीचा रखमाजी गुरव आयुष्यभर दोन कळ्यांकडे बघत बसला. पोटासाठी माणसं याहून अवघड कामं करतात आणि याहून सोपीही करतात; पण इतकं एका जागी बसून, तोंडावरची रेषासुद्धा न हलवता करायचं काम अंबड तालुक्यात दुसरं नसावं.

अंबडहून जालन्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून निंबोडी, आणि निंबोडीच्या उशाला एक बुटकी टेकडी. टेकडीवर भैरोबा. भैरोबा म्हणजे कमरेइतका उंच, शेंदूर फासलेला दगड. त्याला कौल लावायची चाल जुनी होती. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवायच्या, देवाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची, सवाल मोठ्यानं टाकायचा आणि थांबायचं. उजवी कळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. दिवस मावळेपर्यंत एकही पडली नाही तर देवाला बोलायचं नाही, पुढच्या रविवारी या.

बैल घ्यावा का, पोरगी त्या घरी द्यावी का, विहिरीला या जागी पाणी लागेल का, भावाशी पुन्हा बोलायला लागावं का, असे सवाल घेऊन लोक यायचे. देवाला घाई नसायची. लोक भाकरी बांधून आणायचे आणि सावलीला डुलक्या काढायचे. पुष्कळदा तर वाट बघता बघता त्यांचं त्यांनाच काय करायचं ते सुचायचं, आणि ते कळ्या तशाच ठेवून निघून जायचे. देवाचा यात काही कमीपणा नव्हता.

रखमाजीच्या बापानं त्याला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. कळी फार ओली करायची नाही. सवाल टाकणाऱ्याच्या मनात आधी जे आलं असेल ते उजवीकडे मांडायचं. त्याला हो म्हणायचं की नाही ते देवाचं. आणि कळीकडे बघताना आपल्या तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. ही तिसरी गोष्ट रखमाजीच्या अंगी इतकी मुरली की लग्नानंतर वर्षभर साळूबाईला वाटत राहिलं, नवऱ्याला आपण पसंत नाही.

त्यांना एकच मुलगी जगली, सोनू. बापाच्या तोंडावर रेषा हलवणं तिला एकटीला जमायचं. तो जेवायला बसला की ती समोर मांडी घालायची, डोळे भाकरीवर रोखायची, गाल ओढून दगडासारखी व्हायची आणि हळूच विचारायची, "भैरोबा, बाबाला अजून कोरड्यास वाढू का?" मग रखमाजी हसायचा. एरवी गावानं त्याचे दात पाहिले नव्हते.

त्या सुमारास रामराव पाटलांना मुलगा झाला आणि त्यांनी देवाचा ओटा नव्यानं बांधायला घेतला. गवंड्यानं देव उचलून पुन्हा बसवला. डाव्या अंगाला चुना भरपूर गेला. उजव्या अंगाला पोचेपर्यंत चुनाही संपत आला होता आणि पाटलांची भक्तीही. तिथं माती दाबली, वरून शेंदूर फासला. देव सरळ उभा दिसत होता, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

मग लढाई आली. निंबोडीला ती दोन रूपांत आली: रॉकेल मिळेनासं झालं, आणि गायरानाची मोजणी झाली. टेकडीच्या पायथ्याचं गायरान सपाट आणि लांबरुंद होतं, हे गुरांना केव्हाच माहीत होतं. आता ते सरकारलाही कळलं. साखळ्या पडल्या, दगड वेचले गेले, रूळ फिरला, चुन्याचे पांढरे पट्टे ओढले गेले. एका उंच काठीला वारा दाखवणारा, तळ नसलेला कापडी पायमोजा टांगला. हे सरकारी दैवत असावं अशा समजुतीनं पोळ्याच्या दिवशी काही बायकांनी काठीला हळदकुंकू वाहिलं. पहाऱ्यावरच्या शिपायानं हरकत घेतली नाही. नारळ त्यानंच खाल्ला.

विमानं यायची ती शिकाऊ. उतरायची, माळभर धावायची, चढायची, गिरकी घेऊन पुन्हा उतरायची. एकच धडा इतक्यांदा गिरवणारं पोर मार्तंड मास्तरांनी कधीच शाळेतून काढून टाकलं असतं. पण मास्तरांचाच आवाज आता पोरांपर्यंत पोचेना. पाढा चालू असताना विमान गेलं की मधले दोनतीन आकडे विमानाबरोबर जायचे. म्हशी पान्हा चोरू लागल्या. तान्ही पोरं दचकून उठायची. पाटलांनी अंबडच्या तहसिलीत अर्ज दिला. उत्तर उर्दूत आलं. लढाई चालू आहे, एवढाच त्याचा सारांश होता, आणि ते खरंच होतं.

देवावर मात्र उलटा परिणाम झाला. भैरोबा झटपट बोलू लागला. पूर्वी जिथं दुपार जायची तिथं आता भाकरीची गाठ सुटायच्या आत कळी पडायची, आणि पडायची ती बहुतेक उजवी. देव कडक जागृत झाला अशी बोलवा उठली. थेट भोकरदनकडच्या धावड्याहून लोक गाड्या जोडून येऊ लागले. लवकर उत्तर देणारा, आणि हवं तेच उत्तर देणारा देव कोणाला नको असतो? रामराव पाटलांनी माळाकडची काळी जमीन घेतली ती याच कौलावर. कचरूनं माहेरी जाऊन बसलेली बायको, नंदाबाई, परत आणली ती याच कौलावर. विमान आलं की देव बोलतो, हे रखमाजीच्याही ध्यानात आलं होतं. त्यानं त्याचा अर्थ लावला तो पिढीजात गुरवानं लावावा तसा: एवढ्या गर्जनेनं देवाची समाधी मोडते. आपण देवळात घंटा बडवतो ती तरी दुसरी कशासाठी?

सोनूला जाफराबादेला दिली होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली. आल्या आल्या तिनं विमान पाहिलं आणि त्या अवघडल्या अंगानं दोन्ही हात पसरून अंगणात फेरी मारली. साळूबाई ओरडली, "अगं भवाने, पोट कितीचं हाय, काय करून राह्यली!" सोनू म्हणाली, "आई, मी उतरून राह्यले. बाजूला हो."

वेणा पहाटे सुरू झाल्या. दिवस बराच वर आला तेव्हा झुंबरबाई सुईण हात पुसत बाहेर आली. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं आणि ती सहसा घाबरायची नाही.

"मूल आडवं हाय," ती म्हणाली. "माझ्यानं न्हाई व्हायचं हे. गाडी जोडा आन् जालन्याला डॉक्टरनीकडं न्या. जल्दी करा."

साळूबाईनं स्वतः बैल जोडले. गाडीत कडबा अंथरला, त्यावर गोधडी. रखमाजी उंबऱ्यात उभा होता.

"गाडीचे हिसके सोसंल का ती?" तो म्हणाला. "वाटंतच काय झालं तर?"

"हितं काय होऊन राह्यलंय ते दिसंना का तुम्हाला?"

"देवाला इचारतो."

साळूबाईनं बैलांचा कासरा मुठीत धरला. आयुष्यात तिनं देवाला विचारू नका असं कधी म्हटलं नव्हतं, आणि गुरवाच्या घरात ते कोणी म्हणतही नाही. ती म्हणाली, "इचारा. पन पळत जा."

तो पळत गेला. कळ्या लावल्या. सवाल टाकताना बापाची शिकवण आठवली: मनात आधी जे आलं ते उजवीकडे. त्याच्या मनात आधी भीती आली होती. वाटेवरचे ओघळ, दगड, गाडीत कण्हणारी पोर हे सगळं त्याला दिसत होतं. तो म्हणाला, "भैरोबा, घरी ठेवू का तिला?"

माळावर विमान धावलं, टेकडीला घासून वर चढलं. उजवी कळी पडली.

तो खाली आला आणि म्हणाला, "घरीच ठेव म्हनला."

साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग कासरा सोडला. झुंबरबाई काही बोलायला गेली आणि न बोलताच आत वळली. दिवस कलायच्या आत सोनू गेली. मूलही गेलं. तोवर जोडलेले बैल दारात तसेच उभे होते. ते सोडायचं कोणाला सुचलं नव्हतं.

साळूबाईनं नवऱ्याला एका शब्दानं दोष दिला नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना ती एकच सांगायची, "देवानंच सांगितल्तं, घरी ठेवा म्हनून. त्याच्या मनात होतं, त्यानं नेली." तिनं हे इतक्यांदा सांगितलं की पुढं तिचा आवाजही हलेनासा झाला. रखमाजी ओसरीवर बसून ऐकायचा. त्याच्यापाशी उभं राहायला तेवढं एकच वाक्य होतं. ते बायकोचं आहे म्हणून आपण वाचलो, असं त्याला वाटायचं. सोनूचं नाव मात्र दोघांनीही पुन्हा घेतलं नाही. जेवताना तो भाकरीकडे बघायचा आणि ती चुलीकडे.

लढाई संपली. विमानं संपली नाहीत. आता माळाचं काय करायचं हा प्रश्न निघाला. जालन्याच्या कापसाच्या व्यापाऱ्यांना वाटू लागलं की विमानं कायमची असावीत. म्हणजे सकाळी जालन्यात चहा घ्यावा, दुपारी हैदराबादेत सौदा करावा. त्यातल्या बऱ्याच जणांना बैलगाडीतसुद्धा मळमळायचं, पण पुढच्या काळाचा विचार करताना असल्या गोष्टी आड येत नाहीत. निंबोडीला गायरान परत हवं होतं. सरकारनं ठरवलं की चौकशीला साहेब पाठवायचे; लोकांना आवाजाचा खरोखर उपद्रव होत असेल तर माळ सोडायचा, नसेल तर पक्का अड्डा करायचा.

गावानं अंबडचे गिरिधरराव वकील गाठले. गिरिधरराव हुशार होते आणि स्वतःच्या हुशारीवर त्यांचं प्रेमही होतं. त्यांनी म्हशींची आणि पाढ्यांची तक्रार ऐकून घेतली आणि मान हलवली.

"म्हैस कोर्टात टिकत नाही," ते म्हणाले. "कमी दूध द्यायला तिला छप्पन्न कारणं. काही तरी भक्कम पाहिजे. देवस्थान आहे ना वर? चला, बघू."

रविवार होता. रखमाजीनं एका माणसाचा कौल लावला होता. विमान गेलं, उजवी कळी पडली, माणूस खूश होऊन उतरून गेला. गिरिधरराव पुढं झाले.

"गुरव, पुन्हा लावा बरं. सवाल नको. नुसत्या लावा."

"सवालाबिगर कसं लावायचं, वकीलसाहेब?"

"मला सवाल आहे, समजा."

कळ्या लागल्या. विमान गिरकी घेऊन आलं. उजवी पडली. वकिलांचा चेहरा उजळला.

"अहो, हे तर सोनं आहे! देवाचा कौल विमानानं पडतो. धर्मात ढवळाढवळ! याला कोणता साहेब नाही म्हणेल?"

"देव जागा होतो इमानानं," रखमाजी म्हणाला.

"देव नाही हो, दगड हलतो. उजव्या अंगाला ओटा पोकळ आहे तुमचा. हात ठेवून बघा."

रखमाजीनं देवाच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला. विमान आलं. जन्मभर त्यानं त्या दगडाला आंघोळ घातली होती, शेंदूर लावला होता. पण त्याची थरथर हाताला लागली ती त्या दिवशी. विमान गेलं आणि ती थांबली. वकील काहीबाही बोलत होते. रखमाजीचं तोंड नेहमीसारखंच राहिलं. बापाची शिकवण इतकी उपयोगी कधी पडली नव्हती.

अर्ज लिहिला गेला. पाटलांच्या ओसरीवर सगळ्यांचे अंगठे झाले, त्यात रखमाजीचाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

अर्जातली बातमी गावात पसरली आणि मग गावाच्या ध्यानात आलं की आपण काय लिहून दिलं आहे. विमानानं कौल पडत असेल तर गेल्या दोनतीन वर्षांतलं कुठलं उत्तर देवाचं आणि कुठलं सरकारचं? पाटलांची काळी जमीन पाणथळ निघाली होती. ते विचारात पडले. विहिरीवर नंदाबाईनं कचरूला सगळ्यांसमोर गाठलं.

"म्हंजे मला परत आना असं देव बोललाच न्हाई व्हय? इमान बोललं?"

"मंग इमानातच बसून जा माघारी," कचरू म्हणाला.

"जाते की. पन तुमच्या घरच्या भाकरी थापायला इमान येनार हाय का, ते इचारा आधी."

बायका हसल्या. साळूबाईही तिथं होती. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि निघून आली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, "वकील काय म्हनत होता वर येऊन?"

"काय न्हाई. अर्ज करून राह्यलेत लोक. आवाजाचा."

"आन् देवाचं काय?"

"वकिलाच्या गोष्टी त्या," रखमाजी म्हणाला आणि बैलांना वैरण टाकायला उठला.

चौकशीच्या आदल्या दिवशी रामराव पाटील आणि गिरिधरराव त्याच्याकडे आले. वकिलांनी आवाज खाली आणला. तेवढी समज त्यांना होती.

"गुरव, साहेब एकच विचारणार. आवाजानं कौल चुकला आणि त्यापायी नुकसान झालं, असं एक उदाहरण द्या म्हणणार. एक पुरे. त्यावर माळ सुटतो."

"कुनाचं देऊ?" रखमाजी म्हणाला.

गिरिधरराव पाटलांकडे बघू लागले. मग पाटील म्हणाले, "रखमाजीबुवा, गावाचं गायरान हाय. पोरंबाळं, गुरंढोरं. तुमच्या तोंडानं निघालं तर बराबर होईल. गेलेलं मानूस काय परत येनार हाय?"

घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. साळूबाई आत होती.

रखमाजी पाणी घेऊन टेकडीवर गेला आणि देवाला दोनदा आंघोळ घातली. त्याचा हिशेब सरळ होता. खरं सांगितलं तर माळ सुटणार होता, गाव दुवा देणार होतं. पण साळूबाईनं उराशी धरलेलं वाक्य तिच्यासमोर, चारचौघांत, त्यालाच काढून घ्यावं लागणार होतं. देवानं नेली असं म्हणत ती दोन वर्षं जगली होती. आता तिला सांगायचं, की देवानं नाही नेली. कोण्या शिकाऊ पोरानं विमान चढवलं, पाटलांच्या गवंड्याला चुना पुरला नाही, आणि बैल जोडलेले असताना मी घरी ठेव म्हणालो.

चौकशी चिंचेखाली झाली. तीन खुर्च्यांवर तीन साहेब, शेजारी नोंदी लिहायला अंबडचे पेशकार, आणि समोर गाव. बायका मागं शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हशींची साक्ष झाली, मास्तरांची झाली. मधले साहेब जांभई देत होते. त्या दिवशी, योग असा की, एकही विमान आलं नाही. मग गिरिधरराव उठले, धर्म या विषयावर छान बोलले, आणि रखमाजीला पुढं केलं.

साहेबांनी विचारलं, "मंदिर में आवाज़ आती है?"

पेशकारांनी मराठीत सांगितलं, "देवळात आवाज येतो का, म्हणतात. त्यानं कौल चुकतो का?"

रखमाजी कळीकडे बघावं तसा साहेबांच्या बुटांकडे बघत राहिला.

"न्हाई सरकार," तो म्हणाला. "आवाज येत न्हाई."

गाव एकदम हललं. "अरे बुवा!" पाटील ओरडले. गिरिधरराव पुढं झाले. "गुरव, नीट ऐका. अर्जावर तुमचा अंगठा आहे."

"असंल. पन वर टेकडीवर काय बी ऐकू येत न्हाई. देव जे बोलतो ते देवच बोलतो. बिलकुल."

"ऐकू येतं," मागून कोणी तरी म्हणालं.

साळूबाई उभी होती. पाटलांच्या समोर ती कधी पदर न सावरता उभी राहिली नव्हती. आता पदराचं तिला भान नव्हतं.

"ऐकू येतं, साहेब. त्या दिवशी बी आल्तं. म्या अंगनात बैलाचा कासरा धरून हुबी होते, टेकडीकडं बघत. आधी इमान वर गेलं. मंग हे खाली आले."

साहेबांनी पेशकारांना विचारलं, "कौन है?"

"गुरव की औरत, हुज़ूर."

"किस दिन की बात कर रही है? नुकसान क्या हुआ?"

पेशकारांनी विचारलं. साळूबाईनं तोंड उघडलं. दोन वर्षं न घेतलेलं नाव तिच्या तोंडाशी आलेलं सगळ्या गावाला दिसत होतं. पण ते बाहेर आलं नाही. ती पुन्हा भिंतीला टेकून खाली बसली. झुंबरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी चिंचेखालच्या कोणाही माणसाला ते नाव घेता आलं असतं. पण वकिलांसकट सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

पेशकारांनी उर्दूत नोंद केली. साक्षीदाराच्या बायकोचं म्हणणं, आवाज येतो. नुकसान सांगितलं नाही.

घरी येताना ती पुढं आणि तो मागं होता. दारात आल्यावर रखमाजी म्हणाला, "तुला ठावं होतं."

"पयल्या दिसापासून."

"मंग बायांना कशाला सांगत बसलीस, देवानं नेली, देवानं नेली?"

"तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होते म्हनून," साळूबाई म्हणाली. ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली. त्याला वाटत होतं, आपण तिच्यासाठी खोटं बोललो. दोन वर्षं तीही त्याच्यासाठीच बोलत होती. एकमेकांसाठी इतकं केल्यावर दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

निकाल यथाकाल आला. उपद्रव शाबित होत नाही. पुढचा काळ लक्षात घेता माळ सरकारकडेच राहावा. त्यानंतर विमानं यायची बंद झाली. कोणी म्हणालं पेट्रोल नाही, कोणी म्हणालं शिकणारे शिकले. व्यापारी पुन्हा रेल्वेनंच जाऊ लागले. कापडी पायमोजा वाऱ्यानं फाटून गेला, पण कागदोपत्री तो विमानाचा अड्डाच होता, त्यामुळे गुरं वळली की शिपाई हाकलायचा आणि गाव रखमाजीला शिव्या द्यायचं. टेकडीवर शांत झालं. कळ्या पुन्हा दिवसदिवसभर चिकटून राहू लागल्या. लोकांना आता ते सोसेना. देवाचं सत्त्व गेलं म्हणाले, आणि दुसऱ्या देवांकडे वळले.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळीच शेजारच्या वस्तीवरची एक बाई पोराला खांद्यावर टाकून वर आली. पोराची मान पडली होती आणि डोळे अर्धे उघडे. बाईनं कळ्या आपणच आणल्या होत्या.

"बुवा, कौल लावा. अंगारा देऊ का जालन्याला नेऊ, इचारा देवाला."

रखमाजीनं पोराच्या कपाळाला हात लावला. मग कळ्या तिच्या हातातून घेतल्या आणि ओट्यावर ठेवून दिल्या.

"आधी जालना," तो म्हणाला.

"देवाला न इचारता?"

"देवाला मी सांगतो नंतर. चल."

तो पोराला घेऊन उतरला. साळूबाई अंगण झाडत होती. तिनं पोराकडे पाहिलं, झाडू टाकला आणि काही न विचारता गोठ्याकडे गेली. बैल दोघांनी मिळून जोडले. तिनं गोधडी आणली आणि स्वतः गाडीत चढली. पोराचं डोकं मांडीवर घेतलं. पोराची आई तिच्या शेजारी बसून वाटभर देवाचं नाव घेत होती. रखमाजीनं बैलांना असं कधी हाकललं नव्हतं. वाटेत ओघळ होते, दगड होते, आणि त्याला वाटलं होतं तसे हिसकेही बसले. पोर कण्हत होतं. पण जगत होतं.

दवाखान्यात डॉक्टरणीनं पोराला आत घेतलं. थोड्या वेळानं ती दाराशी आली आणि पोराच्या आईला म्हणाली, "वेळेवर आणलंत." आई तिच्या पाया पडायला लागली.

साळूबाई बाहेर आली. गाडी कडुनिंबाखाली उभी होती. बैलांच्या तोंडाला अजून फेस होता. सावली झाडाच्या बुंध्याशी यायला पुष्कळ अवकाश होता. तिनं वर उन्हाकडे पाहिलं, मग आल्या वाटेकडे पाहिलं.

"दुपार बी न्हाई झाली अजून," ती म्हणाली.

रखमाजी बैलांच्या तोंडाचा फेस पुसू लागला.

"एवढंच लांब हाय व्हय जालना," ती म्हणाली. "सोनू आली असती हितवर."

"व्हय," रखमाजी म्हणाला. "आली असती." आणि तो बैलांच्या मधे, जुवाला धरून, खाली बसला.